पूजेला बसलेलं मॅग्नेट

अहो, सगळे म्हणतायत, ‘सुटले’. येणारा प्रत्येक पावणा दारात चप्पल काढता काढता तेच म्हणतो, "सुटलं म्हणायचं बिचारं." मी मान हलवते आणि चहा टाकायला आत जाते. आतून अशी चिडते म्हणून सांगू! बिचारे कधी होता तुम्ही? सगळ्या उद्यमनगरात तुमच्यापुढं कुणा शेठचा आवाज चढत नव्हता. आणि सुटलात म्हणे! तुम्ही सुटला असाल, मी कुठं सुटलेय?

तीन आठवडे झाले. शैला अजून सासरी गेली नाही. परवा तिनं ही वही आणून पुढ्यात ठेवली. म्हणाली, "आई, बोलत न्हाईस, तर लिव्ह तरी." पोरीला वाटतं, मी रडत नाही म्हणून आत काहीतरी साठलंय. साठलंय हे खरं आहे. पण ते रडणं नाही, भांडण आहे.

त्या खंडेनवमीचं भांडण. त्याच्यानंतर पाच वर्षं एका छपराखाली राहिलो, पण त्या दिवसाचं नाव ना तुम्ही काढलंत, ना मी. आज काढते. उलट बोलायला तुम्ही नाही, म्हणजे एकतर्फी होईल. होऊ दे. जन्मभरात एकदा तरी मला शेवटपर्यंत बोलू द्या.

लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरी सांगितलेलं, मुलगा सुतारकाम करतो. ते मी तुम्हाला सांगितलं आणि पहिल्याच महिन्यात पहिलं भांडण झालं. "सुतार न्हाय. पॅटर्नमेकर." मग मला ओट्यापाशी उभं करून समजावलंत. पंपाचा जो भाग लोखंडाचा पाहिजे, तो आधी तुम्ही लाकडाचा करायचा. तो वाळूत दाबला की साचा उठतो, साच्यात रस ओततात. "माझी केसभर चूक म्हंजे शंभर नग भंगार," असं म्हणताना छाती अशी फुगली होती! लोखंड थंड होताना आकसतं म्हणून तुमची पट्टीसुद्धा मुळातच जराशी लांब असायची. त्या पट्टीनं मी एकदा शैलाच्या फ्रॉकचं माप घेतलं तर केवढे ओरडलात. गडहिंग्लजकडचं तुमचं कानडी तोंड, राग आला की मराठी संपायची.

आणि तुमचे नियम. चौऱ्याण्णव सालची खंडेनवमी आठवते? हत्यारं पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून झालं होतं. कुठल्यातरी गावचा पंप अडला म्हणून शेठ स्वतः स्कूटरवरनं दारात आले. एक पटाशी चालवायची होती, अर्ध्या तासाचं काम. तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात. "पूजंला बसल्यालं हत्यार मी उठवत न्हाय. उद्या दसऱ्याची पूजा झाली की या." शेठ म्हणाले, गाव तहानलंय मिस्त्री. तुम्ही म्हणालात, "मग गावाला ताक पाजा." मला हसू आवरेना. तेव्हा मला तुमचा अभिमानच वाटला होता. त्याच नियमाचा मी पुढं काय उपयोग केला, ते सांगायलाच तर बसलेय.

डावा हात थरथर कापायला लागला तो त्याच्यानंतर दोनेक वर्षांनी. आधी अंगठा, मग मनगट. फौंड्रीत कुजबूज सुरू झाली, मिस्त्री प्यायला लागला. ज्या माणसानं आयुष्यात सोड्याची बाटली तोंडाला लावली नाही! तुम्ही हात खिशात घालून फिरायला लागलात. मला वाटलं, जाऊ दे, वय झालं.

मग तो दिवस. आपल्या लिंगायतांच्या घरी रोज अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत बसायचं. तुमच्या अव्वानं, म्हणजे सासूबाईंनी, लावलेली सवय, एक दिवस चुकली नव्हती. मी आत भाकरी थापत होते आणि बाहेर टक् करून आवाज झाला. बाहेर आले तर लिंग फरशीवर आणि तुम्ही रिकाम्या तळहाताकडं बघत बसलेले. तो हात थरथरत होता. तुम्ही त्याला कानडीत दम देत होता, "सुम्क कुंद्रू! सुम्क कुंद्रू!" गप बस, गप बस. स्वतःच्याच हाताला. लहान पोराला दटावतात तसं. आपल्यात लिंग हातून पडणं म्हणजे जीव गेल्यासारखंच, ते कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि भाकरी झाकून मीपण तशीच बसले.

कंपवात. गोळ्या, गोळ्यांवर गोळ्या. सात वर्षं. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत तार घालता येते. कवटीला दोन भोकं पाडायची, दोन बारीक तारा आत सोडायच्या, कातडीखालनं मानेतनं खाली आणायच्या आणि उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढी बॅटरी बसवायची. त्या बॅटरीचा करंट मेंदूला जाणार आणि हात थांबणार. आणि हे सगळं माणूस जागा ठेवून! मी तर ऐकूनच घामानं भिजले. तुम्ही मात्र डॉक्टरांना विचारलंत, "भोक पाडायला बिट कितीचा वापरता?" तुमच्या वाटणीचं रान गेलं त्यात. गेलं तर गेलं, त्याचं मला कधीच काही वाटलं नाही.

ऑपरेशनमधलं तुम्हीच सांगितलंत मला. डोकं चौकटीत आवळलेलं, कुठंतरी आत मशीन कुरकुरतंय, आणि डॉक्टर म्हणतायत, डावा हात वर धरा. हात कापतोय. मग डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, अजून थोडं. आणि हात थांबला. "कुणीतरी वरनं हात ठेवल्यागत थांबला गं सुमे," म्हणालात. दोन हजार तीन साल ते. घरी आल्यावर पहिल्या सकाळी तुम्ही लिंग तळहातावर घेतलंत. मी दारात उभी होते, हात पिठाचे. हात हालला नाही. तुम्ही बघत राहिलात, मी बघत राहिले. देवाशपथ सांगते, त्या तारेचे, त्या डॉक्टरांचे, ज्यानं कुणी हे शोधलं त्याचे उपकार मी आजही मानते. पुढचं सगळं वाचताना हे विसरू नका.

पण तुम्हाला तेवढ्यावर समाधान कुठलं. टाके काढायला गेलो तेव्हाच डॉक्टरांना म्हणालात, "डॉक्टर, हाताची खोली तुम्ही उघडली. बाकीच्या खोल्यांचं काय? तिथं तार सारली तर?" डॉक्टर हसले, "मिस्त्री, आम्हाला एवढंच दार सापडलंय." सगळे हसले. तुम्ही नाही हसला. मी बघत होते ना तुमच्याकडं.

मग दर खेपेला करंट वाढवून घ्यायचा. डॉक्टर मशीन छातीला लावून आकडे वर-खाली करायचे, तुम्ही म्हणायचा, अजून जरा, अजून जरा. आणि खरंच की हो, तुमच्यात काहीतरी उघडलं. कोंबडं आरवायच्या आत उठून कागदावर रेघा ओढायला बसायचा. इंजिनियर लोकांना जमत नव्हतं ते पंपाच्या पंख्याचं पॅटर्न तुम्ही चार दिवसांत एका तुकड्यात बसवलंत. शेजारच्या कारखान्यातली माणसं बघायला आली, म्हणाली, मिस्त्री, नाद खुळा! मी चहा देत होते. तुमचं तोंड असं उजळलं होतं, की मला वाटलं, हा माणूस आधी कुठं होता?

त्याच दिवसांत तुम्ही मेंदू करायला घेतलात. डॉक्टरांनी दिलेल्या पुस्तिकेत चित्र होतं, त्यावरनं सागवानात. पॅटर्न करतात तसाच, मधोमध दोन भाग, पिना घालून एकमेकांत बसणारे. एक बाजू झाली तेव्हा मला हाक मारलीत. अक्रोडासारखी वळणं, बोट फिरवलं तरी पटाशीची खूण लागत नव्हती.

"ह्यातलं आपण चिमूटभर वापरतो गं. बाकीचं सगळं गोडाऊनला कुलूप घातल्यागत पडून हाय."

"कुलूप घालणाऱ्यानं कायतरी बघूनच घातलं असंल की."

"तुझ्या डोक्याला जन्मभर कुलूपच!"

असं म्हणालात. तीस वर्षांत मला खुळी म्हणालात, हट्टी म्हणालात, पण असं कधी नाही. आणि म्हणून वर हसलात. ते हसणं तुमचं नव्हतं. तुमचं हसणं नाकातून यायचं, आवाज न करता. हे मोठं, लांबलचक, थांबायचं नाव न घेणारं. मी तशीच आत गेले. भांडी घासताना रडले. तुम्हाला कळलंसुद्धा नाही, तुम्ही पटाशीला धार लावत होता.

पुढं पुढं तर भीतीच वाटायला लागली. झोप नाही. बोलायला लागलात की समोरच्याला श्वास घ्यायला देत नव्हता. एक दिवस शेठना सगळ्या कामगारांपुढं खुळचट म्हणून, चहाची किटली लाथाडून घरी आलात. ज्या शेठनी तुमच्या आजारपणात एक दिवस खाडा मांडला नाही, त्यांना! मी म्हटलं, मुंबईच्या डॉक्टरांना कळवूया, हे त्या करंटमुळं होत असणार. तुम्ही बोट रोखलंत. "डॉक्टरला कायबी सांगशील तर याद राख. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलंय मी. अजून दोन आकडे वाढवून घेतो. मग बघ काय काय उघडतंय."

दोन आकडे. मला रोज सकाळी उठलं की तेच ऐकू यायचं. दोन आकड्यांनी माझा उरलासुरला नवरा जाणार, असं वाटायचं. आणि सांगायचं कुणाला? शैला तिच्या संसारात, हातकणंगल्याला. लोक म्हणत होते, मिस्त्रींचं नशीब उघडलं.

खंडेनवमी आली. आपण दोघंच घरी. तुम्ही पाट मांडलेत, पटाशा ओळीनं, रंधे, ती लांब पट्टी, करवती. शेवटी कपाटातनं हॉस्पिटलचं मॅग्नेट काढलंत. वडीएवढं काळं. बॅटरीवर धरलं की मशीन बंद, परत धरलं की चालू. अडीनडीला असावं म्हणून डॉक्टरांनी दिलेलं. मी म्हटलं, ते कशाला पूजेत? तुम्ही म्हणालात, "का? हे बी माझं हत्यारच की. ह्याच्यावरच तर चाललोय." मॅग्नेटला हळदकुंकू लावलंत, झेंडू वाहिलात. आणि पलीकडच्या ओळीत फूल ठेवायला म्हणून पाटावर ओणवे झालात. पार खाली. छाती मॅग्नेटवर.

मी बघितलं. ओरडायला पाहिजे होतं. डॉक्टरांनी शंभरदा बजावलेलं, मॅग्नेट छातीजवळ आणायचं नाही. मी ओरडले नाही. ते चुकून म्हणा, सुचलं नाही म्हणा. पुढचं मात्र चुकून नव्हतं.

आरतीच्या आतच डावा अंगठा हलायला लागला. तुम्ही त्याच्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. "बंद पडलं वाटतं. मॅग्नेट दे."

मी हात पुढं केला होता, अहो. खरंच केला होता. आणि मधेच थांबला.

"पूजंला बसलंय," मी म्हटलं. "उद्या."

"अगं, ते काय हत्यार हाय व्हय?"

"तुम्हीच म्हणाला की मघाशी."

तुम्ही आधी हसलात. मग हसणं गेलं. तुमचे डोळे माझ्या तोंडावर थांबले. मी नजर काढली नाही. तुम्ही स्वतः हात लांब केलात, तो कापरा हात पटाशांवरनं, पट्टीवरनं मॅग्नेटपासून वीतभर अंतरावर आला. तिथं थांबला. आणि तुम्ही तो मागं घेतलात. का घेतलात? हात पोचेना म्हणून? स्वतःचाच नियम म्हणून? का माझं तोंड वाचलंत म्हणून? पाच वर्षं मी ह्या एका गोष्टीवर डोकं फोडून घेतलंय.

दुपारपर्यंत तुम्ही लाकडासारखे झालात. गोळ्या कमी केलेल्या, त्यामुळं त्यांचाही आधार नव्हता. पुरणपोळी दुधात कुस्करून मी चमच्यानं भरवली. तुम्ही बारीक आवाजात म्हणालात, "सुमे, दुधात साखर कमी हाय." तो तुमचा जुना आवाज होता. आता लाज सोडून सांगते, मला आनंद झाला. तुम्हाला पाणी पाजताना, तोंड पुसताना, उशी सारखी करताना मी सुखात होते. माझा माणूस मला परत मिळाला असं वाटत होतं. कापरा, पण माझा.

संध्याकाळी दिवा लावायला गेले आणि तुमचे डोळे दिसले. अंग दगड, पण डोळे टक्क जागे. कोपऱ्यात तो सागवानी मेंदू होता, एक बाजू झालेली, दुसरीवर नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. तुम्ही तिकडं बघत होता. तेव्हा मला कळलं की मी परत काही मिळवलं नव्हतं. मी माणसाला कोंडून घातलं होतं आणि चावी माझ्याच हातात होती. तरीही उठले नाही. म्हटलं, आता उद्याच.

हेच ते. मी मुद्दाम केलं. नियम तुमचा होता, कपट माझं होतं.

दसऱ्याच्या सकाळी पहिल्यांदा मॅग्नेटच उचललं. कुंकू पदरानं पुसून तुमच्या छातीवर धरलं. मी तोंडावर चापट बसायची वाट बघत होते. बसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही उठलात, अंघोळ केलीत, लिंग हातावर घेऊन रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसलात. संध्याकाळी आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "सोनं घे, सोन्यासारखी ऱ्हा." आणि पानांच्या खाली मॅग्नेट होतं. "हे हितनं पुढं तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मुंबईचं तिकीट परत केलंय."

एवढंच. पुढच्या खेपेला डॉक्टरांना तुम्हीच म्हणालात, जरा कमी करा. हात थोडासा हलायला लागला, पण लिंग पडलं नाही. शेठकडं जाऊन त्यांची माफी मागून आलात. झोप यायला लागली. हसणं परत नाकातून यायला लागलं. पाच वर्षं शांत होता तुम्ही, आणि ते का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मेंदूच्या दुसऱ्या बाजूला तुम्ही परत पटाशी लावली नाहीत. मी झाडताना तो उचलायचे, पुसायचे, परत तिथंच ठेवायचे. त्या पेन्सिलीच्या रेघांखाली काय होतं, ते आता कुणाला कळणार? चुळकाभर असेल नाहीतर खजिना असेल. कुलूप तुम्ही उघडत होता आणि मी ते परत घातलं. बरं केलं का वाईट, ते तुम्ही सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. मॅग्नेट माझ्या हातात देणं हा विश्वास होता का टोमणा होता, एवढं तरी सांगायचं होतं हो. पाच वर्षं ते माझ्या कमरेच्या पिशवीत होतं, किल्ल्यांशेजारी. किल्ल्या त्याला चिकटून बसायच्या. तुम्ही बघायचा आणि काही बोलायचा नाही.

मग हा न्यूमोनिया आला, आणि आठ दिवसांत सगळं संपलं.

आपल्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. तुम्हाला बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. मठातल्या स्वामींनी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. सगळे मंत्र म्हणत होते. मी फक्त हाताकडं बघत होते. तेवढ्यात शैला माझ्या कानाशी आली. तिनं मुंबईला फोन लावला होता. जाळायचं असतं तर आगीत फुटते म्हणून बॅटरी काढायला लागली असती, मातीला तशी गरज नाही. "नुसतं मॅग्नेट लावून बंद करा म्हणाले. आई, पिशवीत हाय न्हवं?"

मी पिशवीत हात घातला. किल्ल्या सोडवल्या, मॅग्नेट मुठीत घेतलं. तुमच्याजवळ गेले. उजव्या बाजूला कातडीखाली तो उंचवटा दिसत होता. बॅटरी गेल्या सालीच नवी बसवलेली, अजून चार वर्षं काळजी नाही म्हणाले होते. आत तुमचं सगळं थांबलं होतं आणि ती एकटी काम करत होती, तुमच्यासारखीच, सुट्टी न घेता. सगळे थांबले होते. स्वामी थांबले.

"आई, लाव की."

"न्हाय."

"अगं, आता काय उपयोग त्याचा? चालू ऱ्हाऊन कुणाला..."

"न्हाय म्हटलं ना शैला!"

पोरीला वाटलं, आईचं डोकं ठिकाणावर नाही. मी मूठ पदराखाली घेऊन चार पावलं मागं सरले, मॅग्नेटचा वारासुद्धा लागू नये म्हणून. माती पडायला लागली तरी मूठ सोडली नाही.

एकदा तुम्हाला न विचारता बंद ठेवलं होतं, अहो. ह्या खेपेला विचारायला तुम्ही नव्हता. म्हणून चालूच ठेवलंय.